आवाज आधी, चेहरा मागून

फोनमधलं चित्र टीव्हीत जातं तेव्हा मधल्या वाटेत ते कुठं असतं, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. वायर नाही, काही नाही. फोन माझ्या हातात, टीव्ही समोरच्या भिंतीवर, मध्ये आमचा पलंग आणि माझं शिलाई मशीन. पहिल्यांदा ते जमलं त्या दुपारी मी स्वयंपाकघरातून परात आणली आणि फोनच्या पुढं आडवी धरली. चित्र हललंसुद्धा नाही. मग फोन चादरीत गुंडाळला, चादर उशीखाली दाबली. तरी टीव्हीत सगळं व्यवस्थित चालू. फोन घेऊन मी मोरीत गेले, दाराबाहेर गेले, जिना चढायला लागले, आणि वळणावर पोचले तेव्हा खालून सासूबाईंचा आवाज आला, “गेलं गं!” म्हणजे ते जिन्याच्या वळणापर्यंत येतं आणि पुढं येत नाही, एवढा शोध मी माझा मी लावला.

माझा स्वभावच असला. नवीन वस्तू घरात आली की तिच्या पोटात काय आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे हे बियाण्याच्या कंपनीत आहेत, त्यांचा स्वभाव उलटा. बटण दाबलं, दिवा लागला, संपलं. ते म्हणतात, हिला नाक खुपसायला नुसती जागा लागते. मी म्हणते, जागा मी मागत नाही, मी करून घेते.

तर हे चित्राचं वेड मला लागलं ते ब्लाउजमुळं. जुन्या जालन्यात आमची गल्ली इतकी अरुंद आहे की एक रिक्षा आत शिरली की दुसरीला तोंडाशीच थांबावं लागतं. त्या गल्लीत मी ब्लाउज शिवते. बायका येतात, फोनवर गळ्याचे नमुने दाखवतात आणि म्हणतात, “असाच, पण मागून इतका खोल न्हाई.” इतका म्हणजे किती, हे त्या बोटभर फोटोत कुणाला कळणार? त्यांना एक दिसायचं, मला दुसरं, आणि उसवायचं काम माझ्याच नशिबी यायचं. तेच चित्र टीव्हीवर आलं तर बोट ठेवून विचारता येईल, एवढाच माझा मतलब होता.

टीव्हीची एक वेगळी गंमत आहे. आमच्या गल्लीत एकानं काही घेतलं की सगळी गल्ली तेच घेते. भाव करायला सोपं पडतं, आणि बिघडलं तर एकाच माणसाला बोलावता येतं. कूलर तसे घेतले, पाण्याच्या मोटारी तशा घेतल्या, आणि गेल्या दिवाळीत टीव्हीही तसेच. सगळ्यांचे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, आणि हे मला फार उशिरा कळलं, एकाच नावाचे. मी फोनवर शोधायला गेले तर एकच नाव एकाखाली एक पाच वेळा आलेलं. मला वाटलं फोन अडखळतोय. मी सगळ्यात वरचं दाबलं. फोन म्हणाला जोडलं. टीव्ही आमचा काळाच. मी पुन्हा दाबलं, चिमटीनं फोटो मोठे केले, एकामागून एक गळे सरकवत बसले, टीव्हीला चार शिव्या दिल्या. तेवढ्यात पलीकडच्या भाभी पदर सावरत दारात.

“अजी, तुमारे बलाउजां हमारे टीवी में आ गये ना!”

भाभींकडं पाहुण्या बसल्या होत्या. टीव्हीवर काहीतरी परवानगी मागणारी पाटी आली. आलं ते ओके करायचं ही भाभींची रीत, त्यांनी ओके केलं. मग त्यांची मालिका गेली आणि माझे गळे सुरू झाले. त्यातला एक गळा एका पाहुणीनं पसंतसुद्धा केला, कापड घेऊन दुसऱ्या दिवशी आली. त्या दिवसापासून मी आमच्या टीव्हीचं नाव बदलून ‘टाचणी’ ठेवलं. आता यादीत चार सारखे आणि एक टाचणी.

आता सासूबाई. आम्ही त्यांना मामी म्हणतो. मामींना ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तपासलं आणि दोन्ही कान गेल्याचं सांगितलं. कानात घालायचं मशीन दिलं. ते मामींनी आठवडाभर घातलं आणि काढून डब्यात ठेवलं. “कुकरवानी शिट्या मारतंय,” म्हणाल्या. तेव्हापासून घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे हातवारे करायचे, नाहीतर कानाशी जाऊन ओरडायचं. ओरडल्यावर त्यांना राग यायचा. त्या म्हणायच्या, मी बहिरी हाय, गुन्हेगार न्हाई.

आणि मामींच्या मनाला एक गोष्ट सतत टोचत होती. त्यांची लेक, माझी नणंद, चार वर्षं माहेरी आलेली नव्हती. ती सुरतेला असते. आधी सारखी यायची. आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी आलीच पाहिजे. झाडाला झोका नसला तरी चालेल, पण लेक हवी. चार पंचम्या कोरड्या गेल्या. हे दोनदा तिला आणायला गेले आणि दोनदा रिकाम्या हातांनी परत आले. एकदा पोराची परीक्षा, एकदा घरात दुखणं. भांडण नाही, तंटा नाही. फोन दर रविवारी वेळेवर. मग येत का नाही? मामी मला विचारायच्या, ह्यांना विचारायच्या, देवाला विचारत असतील ते वेगळं. मला तर दुहेरी घोर होता. लेक माहेरी येईना म्हटलं की गल्ली आधी सुनेकडं बघते. माझी काही चूक नव्हती हे मला माहीत होतं, पण ते दारावर लिहून लावता येत नाही.

रविवारचा व्हिडिओ कॉल म्हणजे कसा, तर हे फोन मामींच्या हातात द्यायचे. मामी तो लांब धरायच्या, जवळ धरायच्या. त्यात लेकीचं तोंड सुपारीएवढं. ती बोलायची, मामी मान हलवायच्या. “बराबर. बराबर हाय. बिलकुल.” दोन मिनिटं असं करून फोन माझ्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या, “काय म्हणली?” मी म्हणायचे, बरं आहे म्हणाल्या. आता ताई, म्हणजे नणंद, दहा मिनिटं बोलल्या असल्या तरी ते सगळं ओरडून सांगायचं म्हणजे शेजारीपाजारी गोळा व्हायचे. मामी माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या, आणखी काही येतंय का म्हणून. मग स्वतःच म्हणायच्या, “बरं हाय तर बरं हाय.” मला त्या वेळी फार वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर नणंदेचा रागही यायचा.

एका दुपारी मी मशीनवर होते. मामी टीव्हीसमोर. बराच वेळ गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात मशीनशिवाय कसलाच आवाज नाही. टीव्हीचा आवाज बंद होता. मामींच्याच हातून बटण दाबलं गेलं असणार. आणि मामी? मामी मांडी ठोकून बसलेल्या, मधूनच “हट मेल्या” म्हणत होत्या. मी त्यांच्या पुढं जाऊन हातानं विचारलं, काय चाललंय?

“काय चालायचंय! त्या म्हाताऱ्यानं कबूल केलं ना, जमीन थोरल्याच्याच नावावर करणार म्हणून. आता धाकटीचं तोंड बघ.”

मी आवाज चालू केला. पुढच्या पाच मिनिटांत सगळं तेच निघालं. म्हातारा, जमीन, थोरला, धाकटी. अंगावर काटा म्हणतात तो त्या दिवशी आला माझ्या. चार भिंतींच्या आत इतकी मोठी गोष्ट चाललेली आणि मला, नाक खुपसणारीला, तिचा पत्ता नाही.

मग मी मामींची परीक्षा घ्यायला लागले. त्यांना न कळवता. आवाज बंद करायचा, बातम्या लावायच्या, थोड्या वेळानं विचारायचं. बातम्या देणारी पोरगी त्यांना जवळजवळ सगळी कळायची. मिशीवाला पुढारी आला की म्हणायच्या, “ह्याचं काही कळत न्हाई, पुटपुटतोय.” सगळ्यात मजा आली ती दुसऱ्या भाषेतला सिनेमा हिंदी करून दाखवतात तो लावल्यावर. मामी जरा वेळ बघत राहिल्या, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, “लाव दुसरं. हे लोक खोटं बोलून राह्यलेत.” ओठ एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत. आम्ही कान असणारे ते खपवून घेतो.

पण मामींना स्वतःला वाटत होतं की त्यांना टीव्ही ऐकू येतो. “टीव्ही साफ बोलतो. तुम्हीच तोंडात बोलता,” असं त्या कायम म्हणायच्या. ते आम्ही हसण्यावारी न्यायचो. आता मी नीट बघितलं. मी स्वयंपाकघरातून बोलत होते, पाठमोरी बोलत होते, आणि मशीनवर असले की तोंडात टाचण्या धरून बोलत होते. हे दारात चपला घालता घालता खाली बघून बोलायचे. टीव्हीतली माणसं मात्र समोर बघून, परातीएवढं तोंड करून, एकेक शब्द चावून बोलत होती. मामी ऐकत नव्हत्या, बघत होत्या, आणि बघायचं म्हटलं तर आम्ही त्यांना तोंडच देत नव्हतो.

मी टाचण्या काढल्या, त्यांच्या समोर उकिडवी बसले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, “मामी, चहा टाकू का?”

“टाक की. आलं टाक,” त्या म्हणाल्या.

एवढं झाल्यावर पुढचं माझ्या डोक्यात यायला वेळ लागला नाही. फोनमधलं सुपारीएवढं तोंड मामींना वाचता येत नाही. तेच तोंड टीव्हीवर घेतलं तर? ब्लाउजचे गळे जातात तर नणंद का जाणार नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवाळीपासून आम्ही निरोप पोचवत बसलो आणि वाट भिंतीवर टांगलेली.

रविवार यायची मी वाट बघत होते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “झालं, आता बहिणीला बी टीव्हीत घालणार तू.” पण टीव्हीपुढचा पसारा त्यांनीच उचलला. मी टाचणीला फोन जोडला. फोन शिलाई मशीनवर कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून आडवा उभा केला आणि कॉल लावला. नणंदेचा चेहरा टीव्हीवर आला आणि मामी मागं सरकल्या. चार वर्षांत त्यांनी लेकीला एवढी जवळून बघितली नव्हती.

पण ताई तिकडून म्हणायला लागल्या, “वैनी, मला आईचा नुसता कान दिसून राह्यला.” ते खरं होतं. मामी बघत होत्या भिंतीकडं आणि फोन होता बाजूला. लेकीला आईचं दिसायचं काय, तर तो एक निकामी कान. शेवटी मी स्टूल घेऊन टीव्हीच्या खाली बसले आणि फोन छातीशी धरून मामींकडं तोंड करून ठेवला. आता मामी लेकीकडं बघत होत्या आणि लेकीला आई सरळ समोर दिसत होती. फक्त मला टीव्ही दिसत नव्हता. माझ्या पुढं मामी, त्यांच्या मागं पलंगावर हे, आणि नणंद माझ्या हातात, नुसती आवाजाची.

तेव्हा मला तो प्रकार कळला. आवाज फोनमध्येच राहतो आणि चित्र टीव्हीवर थोडं मागून पोचतं. फार नाही, दातानं धागा तोडायला लागतो तेवढा वेळ. ताई काही म्हणाल्या की ते मला आधी ऐकू यायचं, आणि तेवढ्या वेळानं ते मामींच्या चेहऱ्यावर उतरायचं. म्हणजे शब्द हवेत कुठंतरी असायचा, मला कळलेला आणि मामींना न कळलेला. मी त्याची वाट बघायचे. अशी गंमत मी जन्मात बघितली नव्हती.

“आई, जेवलीस का?” माझ्या हातातला आवाज म्हणाला.

थोड्या वेळानं मामी उजळल्या. “जेवले की. मेथीची भाजी केल्ती हिनं. मीठ कमी.”

मग ताई म्हणाल्या, “वैनी, आईला ऐकू येऊन राह्यलं का?”

“ऐकू न्हाई,” मामी म्हणाल्या. “दिसून राह्यलं. तोंडावरचा हात काढ.”

ताईंना हसताना तोंडावर हात ठेवायची सवय. त्यांनी तो काढला असावा, कारण मामींच्या कपाळावरची आठी गेली. मग दोघी बोलायला लागल्या. काय भाव मेथी, पोरगा कितवीला, डोळ्याखाली काळं का झालं, केस एवढे का गळाले. मामींना आपला आवाज कळत नाही, त्यामुळं त्या एकदा कुजबुजायच्या आणि एकदा बाजारात ओरडावं तसं ओरडायच्या. मी आणि हे नुसते बघत होतो. मला कुणी “काय म्हणली?” म्हणून विचारलं नाही. कधी नव्हे ते माझ्या जिभेला सुट्टी होती.

मग मामींनी पदर गुडघ्याखाली नीट खोचला. मला वाटलं उठतात आता. पण त्या पुढं सरकल्या.

“पंचमीला का येत न्हाईस तू? भावाला सांगू नको, वैनीला सांगू नको. मला सांग.”

“पोराची शाळा असती, आई.”

“शाळेला सुट्टी असती. दुसरं सांग.”

गल्लीतून एक मोटारसायकल गेली. मग ताई म्हणाल्या, “तूच म्हणलीस ना, आई.”

मी मामींकडं बघत होते. शब्द पोचला. त्यांची भुवई वर गेली. “मी? कधी?”

“मागच्या बारीला आल्ते तवा. गाडी सुटायच्या टायमाला.” ताई हळू बोलत होत्या, पण एकेक शब्द सुटा करून. आईनं वाचावा म्हणून करत होत्या की तो त्यांच्या मनात तसाच सुटा पडलेला होता, मला सांगता येणार नाही. “दादा सामान ठेवून राह्यल्ता. मी खिडकीतून खाली वाकून तुला विचारलं, आई, मी सारखी माहेरी येते म्हणून सासरी बोलतेत. गल्लीत बी बोलतेत. येणं बंद करू का? तू माझ्या गालाला हात लावला आन् म्हणलीस, बराबर हाय, बाई, बराबर हाय.”

मला ती संध्याकाळ आठवली. त्या वर्षी ताई तीनदा आल्या होत्या. सासरी काही बरं नव्हतं हे आम्हाला नुसतं अंदाजानं माहीत होतं, कुणी उकरून विचारलं नव्हतं. आणि आईनंच असं म्हटल्यावर लेकीनं काय करावं? भावानं आणायला येऊन काय उपयोग? माझा इतक्या दिवसांचा राग जागच्या जागी विरला.

पलंगावरून हे पटकन बोलले, “अगं, आईला ऐकू...” आणि मध्येच थांबले. कारण हिशेब त्यांच्याही डोक्यात आला. डॉक्टरांनी कान गेल्याचं सांगितलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. त्या संध्याकाळी मामी आमच्या लेखी चांगल्या ऐकत्या होत्या. म्हणजे त्या खरंच म्हणाल्या होत्या? माझ्या मनात तो विचार आला, आणि मामींकडं बघायची मला भीती वाटली. पण बघितल्याशिवाय राहणारी मी नाही.

मामींचा चेहरा उतरला होता. त्यांनी मागं वळून ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा वर टीव्हीकडं.

“मला त्या दिवशी काही ऐकू आलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बी आधीपासून येत नव्हतं. गाड्या नुसत्या हालताना दिसायच्या. तुझं तोंड तिथं वर, अंधारात. तू काय तरी म्हणलीस. मला वाटलं, पोचल्यावर फोन करते म्हणली असशील. मी म्हणले बराबर.”

मामींनी पदरानं तोंड पुसलं.

“मी सगळ्यालाच बराबर म्हणायचे. कळलं न्हाई की बराबर. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई मी. बहिऱ्या म्हातारीला कुणी काही सांगत न्हाई, बाई. नुसतं खायला घालतेत. मला तसं बसायचं नव्हतं.”

आणि नंतर आम्ही त्यांना नेमकं तसंच बसवलं होतं. हे मामी म्हणाल्या नाहीत, पण मी आणि हे दोघंही खाली बघायला लागलो. मग मला आठवलं की खाली बघून चालत नाही, आणि मी मान वर केली. मामी ताठ बसल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी आम्हा सगळ्यांना, डॉक्टरांनासुद्धा, कसं फिरवलं असेल! देवळातल्या बायका, लग्नातली बोलणी, बाजारातला भाव, सगळीकडं बराबर. आणि जिच्यापाशी ही लपवाछपवी करून चालणार नव्हतं, तिलाही तेच उत्तर गेलं.

माझ्या हातात ताई रडत होत्या. रडता रडताच त्यांनी काहीतरी म्हटलं, आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मी मामींकडं बघितलं. धागा तुटायचा तेवढा वेळ गेला. आणखी गेला. मामींच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही.

“थांबली का ती?” मामी म्हणाल्या. “तोंड उघडं ठेवून थांबली.”

चित्र अडकलं होतं. नेमकं आत्ता. ह्यांनी पलंगावरून हात जोडले, टीव्हीला की देवाला कुणास ठाऊक. मी सवयीनं तोंड उघडलं. काय म्हणाल्या ते मला माहीत होतं, ओठ हलवून सांगायला एक क्षण पुरला असता. पण मामींनी माझ्यापुढं तळहात धरला.

“तू नको,” त्या म्हणाल्या. “तिलाच म्हणू दे.”

मी तोंड मिटलं. फोनजवळ वाकून म्हटलं, “ताई, चित्र अडकलंय. पुन्हा म्हणा.”

ताईंनी पुन्हा विचारलं. चित्र तसंच. त्यांनी आणखी एकदा विचारलं. मामी त्या थिजलेल्या तोंडाकडं डोळे न मिटता बघत बसल्या होत्या. ताई विचारतच राहिल्या. आधी अडखळत, मग जरा धिटाईनं, मग लहान पोर दाराशी उभं राहून घोकतं तसं. चार वर्षांत जो प्रश्न त्यांनी एकदाही काढला नव्हता, तो आता त्या थांबवतच नव्हत्या. मी त्यांना थांबा म्हणायला हवं होतं, दम घ्या म्हणायला हवं होतं. माझ्याच्यानं म्हणवलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या पाठ भिंतीला घासत मी फोन आणखी उंच धरला.

आणि मामींचे डोळे हलले. चित्र सुटलं होतं.

“येऊ का, आई?” माझ्या हातातला आवाज म्हणाला.

तेवढ्या वेळात खोलीत मला आणि ह्यांना प्रश्न माहीत होता आणि मामींना नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहिले. मग तो पोचला. आधी डोळ्यांत, मग हनुवटीत.

“ये,” मामी म्हणाल्या. इतकं हळू की ते फोनपर्यंत आलंच नसेल. त्यांनाही तसंच वाटलं असावं. त्या दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठल्या, माझ्या डोक्यावरून टीव्हीच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि जेवढा गळ्यात होता तेवढा आवाज काढून ओरडल्या, “ये माय! ये!”

पलीकडच्या भाभींची खिडकी उघडली. ह्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. माझ्या हातात ताई हुंदके गिळत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या.

“ऐकू आलं, आई. ऐकू आलं.”